बेटाची फेरी

१९६१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बळीराम पैनगंगेतल्या एका बेटावर राहायला गेलो. आम्ही एकाच शाळेत. मी शास्त्र शिकवायचो, तो कवायत. फुलसावंगीहून बैलगाडीनं नदी गाठली. बरोबर शिधा आणि ट्रकच्या दोन जुन्या ट्यूबा. बेटावर धावजी नावाच्या शेतकऱ्याची वांग्यांची वाडी होती, कुडाची झोपडी होती आणि त्यांचा डोंगा. दिवसभर डोंगा वल्हवायचा, खडकावरून सूर मारायचे, ट्यूबवर पडून धारेला लागायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बळीराम म्हणाला, "मास्तर, बेटाले फेरी मारू. तू डावीकडून, मी उजवीकडून. मांगं भेटू."

फेरी जेमतेम अर्ध्या मैलाची. पावसाळा सरून महिना झालेला, पाणी संथ. धावजी डोंगा लागायच्या उताराच्या दगडावर जाळं सांधत बसले होते. त्यांच्यासमोरच आम्ही दोघांनी एकदम सूर मारला.

बेटामागची धार अरुंद होती. दोन्ही काठांवरून करंज वाकलेले. तिथं पाणी इतकं गार, की दात वाजायला लागले. पाखरं गप्प झाली होती. बळीराम समोरून यायला हवा होता. तो दिसला, पण माझ्या पुढे, माझ्याच दिशेनं पोहताना. मला वाटलं, गड्यानं मध्येच वळून शर्यत लावली.

"बळीराम!"

त्यानं मान वळवली नाही. तसाच हात मारत वळणाआड गेला.

मी उतारावर पोचलो, तर बळीराम दगडावर बसून बिडी ओढत होता. अंग कोरडं.

"पायात गोळा आला," तो म्हणाला. "तवाच निघालो बाहेर."

धावजींचे हात जाळ्यावर थांबले. "मी तं इथंच बसलो हावो. तुम्ही पान्यातून कवा निघाले? आत्ताच तं इथून पोहत गेले ना पुढं?"

बळीराम बिडी ओढत राहिला.

मग खडकामागून हात मारल्याचा आवाज आला.

पोहणारा एवढ्यातच फेरी पुरी करून पुन्हा येत होता. श्वासासाठी त्यानं तोंड वर केलं.

तोंड बळीरामचं होतं.

ओठ निळे पडलेले. डोळे माझ्यावर.

"मास्तर," तो कसाबसा म्हणाला, आणि धारेनं त्याला पुढे नेलं.

मी डोंगा लोटला. धावजींनी वल्हं धरलं. वळणापलीकडे नुसतं पाणी. आम्ही तीन फेऱ्या मारल्या, बांबूनं तळ चाचपला.

कोणी नाही.

परतलो, तेव्हा बळीरामनं सामान बांधून ठेवलं होतं.

"चाल," तो म्हणाला.

मी निघालो. समोर उभ्या असलेल्या माणसालाच नदीत शोधतोय, हे कुणाला सांगणार होतो?

आठ दिवसांनी धावजींचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'तुमचे सोबती अजून पोहून राहिले आहेत. रोज दोन-चारदा इथून जातात. डोंगा जवळ नेला की दिसत नाहीत. काल तुम्हाला हाक मारत होते, आवाज बसला आहे. गावातून लांब दोर आणला आहे. टाकू का, कळवावे.'

कार्ड घेऊन मी बळीरामच्या घरी गेलो. त्याची बायको पंचफुला चहा ठेवून आत गेली. त्यानं कार्ड दोनदा वाचलं. मग आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"लिहून दे," तो म्हणाला. "टाकू नका म्हना."