वाफ्यातला माणूस

दर गुरुवारी यायचं, तासभर वाफ्यांमधून रेंगाळायचं आणि घ्यायचं काय, तर एक रोप! रोपवाटिकेच्या मालकीण काकूंना ही तऱ्हा मुळीच पसंत नव्हती. ख्रिस्ती धर्मगुरू व्हायला निघालेला मुलगा, टेकडीवरच्या सेमिनरीत शिकणारा. पण पहिल्याच दिवशी त्याने पाय दिला तो काकूंच्या लेकीच्या टोमॅटोच्या ट्रेमध्ये. माफी मागता मागता बघत मात्र राहिला तिच्या मातीने भरलेल्या बोटांकडे…

"तिकडे काय म्हणतात तुम्हाला?" लेकीने विचारलं होतं.

"सेमिनेरियन."

"अगंबाई! औषधाचं नाव वाटतं."

तो हसला. "सेमिनरी या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. अर्थ माहितीये? रोपांचा वाफा. म्हणजे मी वाफ्यातला."

"मग मी दिवसभर तुमच्यातच बसलेली असते की—" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

काकू शिकल्या दुसरीपर्यंत. पण हे ऐकून त्यांची मान ताठ झाली. लॅटिनवाल्यांनाही शेवटी आपल्याच दारात यावं लागलं! लेकीने एका वाफ्यात 'सेमिनरी' लिहिलेली पाटी खोचली, तेव्हाही त्यांनी ती राहू दिली. असे अकरा महिने गेले.

आज तो सोमवारीच आला. चेहरा उतरलेला.

"रविवारी शपथ आहे," तो म्हणाला. "नंतर… लग्न वगैरे काही नाही."

लेक रोपाभोवतीची माती दाबत राहिली. "तुम्हाला घ्यायचीय?"

"आई अंथरुणाला खिळलीये. त्या दिवसासाठीच जीव धरून आहे."

"मी तुमचं विचारलं."

"नाही," तो म्हणाला.

"मग सांगा त्यांना. मी येते बरोबर."

त्याने मान खाली घातली. "वाफ्यातल्या रोपाला कुठे लावायचं, ते रोप ठरवत नाही…"

लेकीने ती पाटी उपटली, ओढणीने माती पुसली, त्याच्या हातात दिली आणि शेडमध्ये निघून गेली. दार लावल्याचा आवाजही आला नाही, इतकं हळू लावलं.

"काकू…" तो पुटपुटला.

काकूंनी झारी खाली ठेवली.

"तीस वर्षं रोपं विकतेय मी. एकानेही कधी म्हटलं नाही, मला तिथे नको लावू. त्यांना तोंड नसतं रे. तुला होतं."