रानशेळ्या गेल्या त्या वाटेने

"दोन हजार वर्षांपूर्वी, पाहुण्यांनो, याच दरीतून उंटांचे तांडे जायचे..."

इफराने हात पसरून समोरच्या तांबड्या कड्याला सांगितलं. सौदीतल्या अल-उलाजवळच्या या राखीव दरीत दुपार कलल्यावर चिटपाखरूही नसायचं. म्हणून तर ती इथे येऊन तालीम करायची – आणि तीही मराठीत. आपल्या भाषेत जमलं की इंग्रजी, अरबी मागोमाग येते, असा तिचा अनुभव.

"जरा हळू, बाई... तुमच्या उंटांना भिऊन माझ्या शेळ्या पळतील."

ती दचकली. दगडाआडून आधी दुर्बीण आली, मग विस्कटलेले केस, मग मिश्कील हसू.

"भिंतीला कान असतात हे माहीत होतं," ती फणकारली. "दगडाला दुर्बीणही असते?"

"दगड हर्णैचा आहे. नाव शारीक. इथल्या रानशेळ्यांचा डॉक्टर. आणि ते 'पाहुण्यांनो' फार गोड म्हणता हं तुम्ही."

इफराने ओढणी सावरली आणि मान वळवली. हसू दिसायला नको होतं ना!

ती जेद्दाच्या शराफिया भागात वाढलेली. अब्बांचं, हुसेनमियाँचं, तिथे कापडाचं दुकान. पुरातत्त्व शिकून तिने हट्टाने इथे उमेदवारी मिळवली होती. पाहुण्यांना दरी दाखवायची, कड्यांवरची कोरीव चित्रं वाचायला शिकवायची. पहिली कार्यशाळा जमली तर नोकरी पक्की. नाही तर यल्ला, चला परत जेद्दाला! तिथल्याच अझीझियातलं एक स्थळ घरच्यांनी हेरूनच ठेवलं होतं.

मग रोजच्या तालमीला एक श्रोता आला. ती त्याला दगडावरची शिकार, उंट, नावं दाखवायची. तो तिला माग दाखवायचा – वाळूतले खूर, कुरतडलेली बाभूळ आणि मोठ्या कौतुकाने, लेंड्या.

"लोक फुलं आणतात," ती एकदा म्हणाली.

"फुलं खोटं बोलतात. लेंडी कधी..." तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे – लोक कुणाला आणतात फुलं?"

 इफराने त्याच्या हातातली ती सुकी लेंडी गंभीरपणे उचलून घेतली. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं.

पण शारीक हल्ली मधेच उठून दुर्बिणीने कडे धुंडाळायचा. दरीत नव्याने सोडलेल्या शेळ्यांपैकी एक गाभण होती, आणि तिच्या गळ्यातल्या पट्ट्याचा सिग्नलच बंद पडला होता. तिने इथे पिल्लू दिलं तर कळप रुजला म्हणायचा. ती मेली असेल तर पुढच्या शेळ्या सोडणं थांबणार होतं.

"सापडेल रे," इफरा म्हणायची.

"तू आहेस तोवर आशा आहे," तो म्हणायचा, आणि दोघंही भलतीकडेच बघायचे.

कार्यशाळेची सकाळ उजाडली. पाहुण्यांच्या गर्दीत इफराला पांढरी दाढी दिसली. अब्बा! न कळवता आले होते. शेजारी राखीव दरीची प्रमुख अरवा हाताची घडी घालून उभी. सर्वांत मागे शारीक.

 इफराचं पाठ केलेलं सगळं उडून गेलं.

"पोरी," अब्बा कड्यावर कोरलेल्या शेळ्यांकडे बघत मराठीत पुटपुटले, "बकऱ्याच बघायच्या तर आपल्या गावी, म्हसळ्याला काय कमी होत्या?"

ती वाक्यं विसरली ते बरंच झालं.

"अशा नव्हत्या, अब्बा," ती ताडकन म्हणाली, आणि इंग्रजीत सगळ्यांना हाक दिली, "जवळ या! ही शिंगं बघा. कोरणाऱ्याचा हात कुठे जोरात पडलाय, कुठे हलका झालाय..."

बोलता बोलता ती थबकली. कोवळं ऊन कड्यावर तिरपं पडलं होतं. दुपारी कधीच न दिसलेल्या पुसट रेघा उठून आल्या होत्या. शेळी, तिच्यापुढे शेळी, आणखी पुढे आणखी एक. सगळ्या एकाच दिशेला, कड्याच्या कोपऱ्यापलीकडे.

"माणूस एवढ्या कष्टाने वाट का कोरेल?" तिने पाहुण्यांना विचारलं. आणि उत्तर तिलाच सापडलं. "पाणी! शारीक, पलीकडे पाणी असणार!"

कोपऱ्याआड जेमतेम एक माणूस शिरेल अशी घळ होती. इफरा पुढे झाली. शारीकने मागच्यांना खूण केली – आवाज नको. आत गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. आणि सावलीतल्या डबक्याकाठी ती उभी होती, गळ्यात पट्टा, कान टवकारलेले. तिच्या पोटाखाली लटपटत्या पायांचं, धुळीच्या रंगाचं पिल्लू लुचत होतं.

"उंच भिंती..." शारीक कसाबसा म्हणाला. "सिग्नल म्हणूनच... इफरा, जिवंत आहे गं ती!" त्याचे डोळे भरून आले होते. कुणाचं लक्ष आहे की नाही, काही न बघता त्याने तिचा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अरवाने इफराला मिठीच मारली. "मबरूक, अभिनंदन! खलास, ठरलं – तू आता आमचीच." शेळ्यांचं काम चालू राहणार, हेही तिने तिथेच सांगून टाकलं.

हुसेनमियाँ मात्र शारीककडे रोखून बघत होते. "गाव कुठलं?"

"हर्णै, चाचा."

"कुणाचा तू?"

"अब्बा," इफरा मधे आली. आवाज स्वच्छ होता. "ती चौकशी सावकाश करा. अझीझियावाल्यांना आधी 'नाही' म्हणून कळवा. मला हा पसंत आहे."

शारीकच्या हातून दुर्बीण सुटली. "मला... मला कुणी विचारलंच नाही!"

"मग नाही म्हण."

"वेडी आहेस? सहा महिने – छे, पहिल्या दिवसापासून हो म्हणतोय मी! फक्त तुला ऐकू येईल असं नव्हतो म्हणत."

अब्बांची दाढी थरथरली. रागाने? छे, हसू दाबायला बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढून इफराच्या आईला लावला.

"ताजुन्निसा? हां, बघितलं पोरीचं काम. अगं, सगळी माणसं तिच्यामागून चालत होती... मीसुद्धा. नाही, घरी नाही येत ती." ते शारीककडे वळले. "पुढच्या शुक्रवारी जेवायला येतोस का रे? मासे खातोस ना?"

"हर्णैचा आहे, चाचा!"

"तेच विचारतोय. शेळ्यांच्या नादात विसरला नसशील."

इफरा खळखळून हसली. तिचं हसू कड्याकड्यावरून परत आलं. मग तिने पाण्याची पिशवी शारीकच्या खांद्यावर टाकली, पाहुण्यांना हात केला, आणि दरीत सर्वांच्या पुढे चालू लागली.