बादशहाच्या वॉल्ट्झचा चोर

"चोर! माझा वॉल्ट्झ चोरला या थेरड्याने!"

इन्स्पेक्टर हालाश तालमीच्या दालनात शिरला तेव्हा वाद्यवृंदाचे डायरेक्टर क्रानर्ट पाय आपटत होते. बर्लिनहून व्हिएन्नात येऊन यांना दोन वर्षं झाली नाहीत, पण छातीवर तीन पदकं, आणि तोरा असा की जणू बादशहाच यांच्या पदरी नोकरीला आहे!

संध्याकाळी बादशहाच्या सन्मानार्थ नाच होता. त्यासाठी यांनी तीन ठोक्यांच्या नाचाच्या तालातला वॉल्ट्झ रचला होता म्हणे. आज तोच वॉल्ट्झ वाद्यवृंदातल्या म्हाताऱ्या आलोइस वेसेलीच्या व्हायोलाच्या पेटीत सापडला, त्याच्याच अक्षरात.

"याने तो ऐकला कुठे?" हालाशने विचारलं.

"माझ्या खालच्याच मजल्यावर राहतो. मी पियानोवर रचत होतो, याने कान लावून उतरवला."

"काय हो आलोइसबाबा?"

"माझा आहे साहेब. बायको अंथरुणाला खिळली होती, तेव्हा रचला. रोज तिला वाजवून दाखवायचो."

"तिला बोलवा."

"ती गेली हो."

क्रानर्ट फिसकन हसले. म्हातारा चोर ठरला तर तुरुंग होता, आणि बायकोसाठी रचलेलं या फुगलेल्या माणसाच्या नावावर जाणार होतं.

हालाशने दोघांचे कागद शेजारी ठेवले. आलोइसचे तीन ठोके सरळ, सारख्या अंतरावर लिहिलेले. क्रानर्टच्या कागदावर मात्र दर वेळी दुसरा ठोका किंचित आधी, बारीक खुणा करकरून.

"बघा, व्हिएन्नाचा डौल कसा टिपलाय मी!" क्रानर्ट म्हणाले. "या अडाण्याला तेवढंही जमलं नाही."

"असं? मग दोन्ही वाजवा," हालाशने समोर बसलेल्या चाळीस वादकांना सांगितलं.

आलोइसच्या कागदावरून वॉल्ट्झ झुलत निघाला. क्रानर्टच्या कागदावरून चार ओळींतच सगळे अडखळले.

"मुद्दाम करताहेत गाढवं!"

"नाही डायरेक्टरसाहेब," हालाश म्हणाला. "दुसरा ठोका आधी घेणं आमच्या व्हिएन्नाच्या वादकांच्या हातातच असतं. ते इथे कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत, म्हणून तो दुप्पट आधी पडला. पियानोशी बसून रचला असता तर तुम्ही तीन ठोके सरळच लिहिले असते. वाजताना जसा कानावर पडला तसा उतरवलात. कान तुम्हीच लावलात, वरच्या मजल्यावरून."

क्रानर्टचा चेहरा उतरला. तरी जीभ सुटलीच. "बरं, मग? त्या राजवाड्यातल्या म्हाताऱ्याला काय कळतंय कुणाचा ते!"

"वा! चोरीच्या जोडीला बादशहाचा अपमान. चाळीस साक्षीदार आहेत. चला."

क्रानर्ट गेले तसे ते चाळीस जण उठून टाळ्या वाजवू लागले. आलोइसच्या बाजूने सकाळपासून एकानेही ब्र काढला नव्हता.

"पुरे झालं कौतुक," आलोइस म्हणाला. संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेवरचं क्रानर्टचं नाव खोडून त्याने तिथे बायकोचं नाव लिहिलं, बादशहाच्या नावाच्या वर. "बसा खाली आणि वाजवा. नीट वाजवा."