भोंग्याकडे येणारी पावलं

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते, पूर्ण शुद्धीत. आणि रात्रबित्र काही नव्हती... रविवारची लख्ख दुपार होती. जागा, मामाच्या घरामागची कामाची खोली.

मामा ग्रामोफोनच्या जुन्या लाखेच्या तबकड्या धुऊन, वाजवून कॉम्प्युटरवर उतरवतो. प्रत्येक तबकडी तीनदा, तीन वेगवेगळ्या सुयांनी वाजवायची आणि त्यातली बरी प्रत ठेवायची, ही त्याची पद्धत.

त्या दिवशी नाचाच्या बँडची तबकडी होती. माइक येण्याआधीची.

"तेव्हा सगळा बँड आवाज टिपणाऱ्या एका भोंग्यासमोर उभा राहायचा," मामा म्हणाला. "नाजूक आवाजाचं व्हायोलिन पुढे, मग क्लॅरिनेट. ट्रम्पेटवाला पार मागे, भिंतीला. तुझ्यासारख्या घशाची माणसं मागेच बरी!"

पहिली सुई लावली. झकास चाल होती. माझ्या पायाने ठेका धरला.

मग... ट्रम्पेटच्याही मागे पावलं वाजली.

"कुणीतरी नाचतंय," मी म्हणाले.

"रेकॉर्डिंग चालू असताना? जागचं हलायची सोय नसायची गं."

दुसरी सुई.

या वेळी ट्रम्पेट वाजलंच नाही. पावलं मात्र पुढे सरकली होती. ती क्लॅरिनेटपाशी आली...

आणि क्लॅरिनेट मध्येच तुटलं.

"मामा, बंद कर ना."

"अगं, सुईचा दोष असेल. तिसरी लावू, कळेलच."

तिसऱ्या सुईला नुसतं व्हायोलिन उरलं होतं. एकटंच, घाईघाईने वाजत होतं. पावलं अगदी जवळ आली...

व्हायोलिन थांबलं.

मामाने झटकन सुई उचलली. तबकडी थांबवली.

पावलं थांबली नाहीत.

खोलीतल्या फरशीवर... माझ्या खुर्चीमागून... मामाकडे.

मामा माझ्याकडे बघून ओरडला, "तू आधी बाहेर..."

पुढचं ऐकू आलं नाही. ओठ मात्र हलत होते.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पण घशाचं काय घेऊन बसलात? मामा चालतो तर चपला वाजत नाहीत. त्याच्या हातून ताटात चमचा पडला तरी आवाज नाही. त्याला स्वतःला मात्र सगळं नीट ऐकू येतं, त्यामुळे सांगून पटत नाही. तो माझी थट्टा करतो, स्वतःच हसतो आणि आम्ही हसलो नाही की रुसतो. आता मी अंदाजाने हसते. फार वाईट वाटतं.

तबकडी मी त्याच दिवशी फोडली. उपयोग शून्य.

परवा मामी स्वयंपाकघरात माझ्याशी हळूच बोलली.

"दिवस कसाही निघतो गं. रात्री हा शेजारी झोपलेला असतो आणि श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मी अंधारात सारखा छातीवर हात ठेवून बघते..."

तिने गॅस बारीक केला.

"हल्ली तो हात ठेवायचीच भीती वाटते."