अर्थिंगची तार

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागे माझं साऊंड दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी मी डिंभ्याला निघालो तो एका साध्या जोडणीसाठी. श्रावण संपत आला होता. जीपमध्ये माझ्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि पायाशी पेडलांचा बोर्ड. दोन्ही मीच प्रज्ञासाठी बनवलं होतं.

डिंभ्याची प्रज्ञा एका बँडमध्ये गिटार वाजवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बावीस दिवसांचा दौरा सुरू होणार होता. पायानं दाबलं की आवाज फाडणारं एक पेडल, घुमवणारं एक, वाजवलेलं पुन्हा पुन्हा फिरवणारं एक, अशी सगळी एका फळीवर बसवून हवी होती. अ‍ॅम्पचं खोकं मात्र तिला नवं नको होतं.

"आतलं सगळं बदला दादा," ती म्हणाली होती, "पण खोकं राजूचंच ऱ्हाऊ द्या."

राजू म्हणजे राजरत्न, तिचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात तो गेला. हात गिटारच्या तारांवर होता, गाताना ओठ माइकला लागले, आणि तो उभ्या जागी थरथरून खाली आला. मांडव ओला होता, वायरिंग वाईट होतं, असं लोकांनी ठरवलं.

मी ठरवू दिलं.

कारण चार दिवस आधी तो हाच अ‍ॅम्प घेऊन माझ्या दुकानात आला होता. मोठ्या साऊंडला जोडलं की हमिंग, ती घूंऽ अशी गुणगुण, लई येतं म्हणाला. मला घाई होती. मी प्लग उघडला, अर्थिंगची हिरवी तार कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली. हमिंग गेलं. करंट खोक्यात उतरला तर याच तारेनं जमिनीत जातो, नाहीतर गिटारच्या तारांतून वाजवणाऱ्याच्या अंगात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी कापली. पुढं हे कुणाजवळ बोललो नाही.

म्हणून प्रज्ञाचं काम मी जिवापाड केलं. नवा ट्रान्सफॉर्मर, नवी केबल, तीन पिनांचा नवा प्लग. अर्थिंग त्याच सकाळी दोनदा तपासली होती.

दारात तिच्या आईनं, चिमाबाईंनी, टॉवेल पुढं केला. "डोकं पुसा भाऊ. लई भिजलात."

प्रज्ञाची गिटार स्टँडवर उभी होती. मी सगळं जोडलं आणि बटण दाबलं. हळूहळू अ‍ॅम्पमधल्या काचेच्या नळ्या तांबूस झाल्या. तापलेल्या धुळीचा वास सुटला, आणि बारीक हमिंग सुरू झालं. ते थोडं असतंच. वाजवणाऱ्याचा हात तारांना लागला की खाली बसतं, हात उचलला की वर येतं.

"तुमी बघा तवर, मी बॅग भरते," म्हणून प्रज्ञा आत गेली. चिमाबाई चहाला गेल्या. बाहेर पाऊस असा लागला होता की भरदुपारी खोलीत अंधारून आलं होतं.

मी पेडलांवर वाकलो होतो, आणि हमिंग खाली बसलं.

मान वर केली. गिटार स्टँडवर तशीच. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

आवाज वर आला. दोन श्वास गेले असतील. पुन्हा खाली बसला, अगदी तळहात टेकवल्यासारखा... आणि तसाच राहिला.

केबल ढिली असेल म्हणून हलवून पाहिली. घट्ट होती. खिशातून टेस्टर काढला आणि गिटारच्या तारेला लावला. दिवा लागला. तारेत करंट होता.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपसला, स्क्रू काढले. आत हिरवी तार कापलेली होती. तिरकी. टोकाला काळी टेप.

"काय झालं?" प्रज्ञा दारात उभी होती.

मला प्लग झाकता आला असता. "तार कापलीय," मी म्हणालो.

"कुणी?"

"आत्ता कुणी कापली, मला माहीत नाही." मी प्लग खाली ठेवला. "तेव्हाची... राजूची... ती मी कापली होती."

मग सगळं सांगितलं. चिमाबाई चहा घेऊन मागे येऊन थांबल्या होत्या, हे मला उशिरा कळलं. त्यांनी कप हळूच खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसल्या.

"तीन साल..." त्या म्हणाल्या. "तुमी मयताला खांदा दिला व्हता भाऊ."



प्रज्ञानं प्लग उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "जोडा. माझ्याम्होरं."

मी टेप काढली, तार सोलली, पिनेला आवळली. तिनं स्वतः स्क्रू आवळून पाहिले. माइक आणून तोही जोडला.

"आता एक हात गिटारच्या तारांवर ठेवा. दुसऱ्यानं माइक धरा. बटण मी दाबते."

चिमाबाईंनी तोंड फिरवलं. मी दोन्ही धरलं. तिनं बटण दाबलं, आणि नळ्या तापेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. मला काही झालं नाही. फक्त तारा गार लागायला हव्या होत्या, त्या कोमट होत्या.

"बास," ती म्हणाली. "आता जावा तुमी."

चहा तसाच राहिला.

ती दौऱ्यावर गेली. सगळे कार्यक्रम नीट झाले. परत आल्यावर तिनं मला माफ केलं नाही, पण अ‍ॅम्प तपासायला जीपमधून पाठवून दिला. मागचं झाकण बसवताना मी चारही स्क्रूंवर लाल लाख लावतो, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. लाख कुठेही तडकलेली नव्हती.

झाकण काढलं. आतला एकूण एक सांधा नव्यानं सोल्डर केलेला होता. माझे सांधे गोल आणि चकचकीत असतात. हे खडबडीत होते, शिकाऊ हाताचे, पण पक्के. माझ्या हातचा एकही उरला नव्हता.

प्रज्ञाला फोन केला. "कुणाकडून उघडवला होतास?"

"न्हाई दादा. कुणाला हातच लावू दिला न्हाई."

राजरत्नला सोल्डरिंग येत नव्हतं. शिकवा म्हणायचा, माझ्या मागच्या स्टुलावर बसून तासन्‌तास माझे हात बघायचा. ते स्टूल मी आता भिंतीला उलटं टेकवून ठेवतो. सकाळी दुकान उघडतो तेव्हा ते सरळ असतं.