कॉलरमागचा दोरा

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे तिला नुसतं "हं?" एवढंच म्हणता आलं. त्याने पावती पुढे केली. राखाडी कोट, बारा दिवसांपूर्वी धुवायला टाकलेला. परवा सकाळी मुलाखत आहे म्हणाला. तिने पावती पाहिली, मग रॅककडे पाहिलं, आणि पुन्हा पावती पाहिली.

कोट रॅकवर नव्हता. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर शहरभर फिरत होता, आणि दिला होता तिनेच.

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही तिला चोर समजाल. लाँड्री तिच्या बाबांची. एकामागून एक ऑफिसं बंद पडली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि नोकरी गेलेला माणूस आपला शर्ट घरीच धुतो. रॅकवर उरले ते बेवारशी कपडे, वर्ष वर्ष कुणी न्यायला न आलेले. बाबा म्हणाले, विकून टाकू. तिच्या डोक्यात भलतंच आलं: मुलाखतीला ज्याच्याकडे धड कोट नाही त्याने इथून फुकट न्यावा, आणि नोकरी लागली तर पुढे कपडे धुवायला इथेच टाकावेत. बाबांनी कपाळावर हात मारला. पण सहा महिन्यांत नोकरी लागलेली माणसं दर आठवड्याला गाठोडी घेऊन यायला लागली, आणि गार पडलेली इस्त्री पुन्हा दिवसभर तापू लागली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरीच्या अकलेचं कौतुक सांगत सुटले. तीही जरा हवेत होती, खोटं कशाला बोला!

नडली ती दुकानाची जुनी रीत. आलेल्या कपड्याच्या कॉलरमागे रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा. दर तीन महिन्यांनी रंग बदलायचा, असे वर्षाचे चार रंग. यंदाचा पांढरा आणि गेल्या वर्षीचा पांढरा, दोघांत फरक तो काय दिसणार? घाईच्या एका संध्याकाळी तिने पांढरा टाका पाहिला, आणि पावती न पडताळता बारा दिवसांचा... छे, तेव्हा तर दोनच दिवसांचा तो कोट, बेवारशी म्हणून एका उंच, गरजू माणसाला देऊन टाकला. त्या माणसाने लिहून दिलेला फोन आता लागत नव्हता.

हे सगळं त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण मागे बाबा इस्त्री करत होते, आणि तो तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता की...

"अस्तर उसवलंय," ती म्हणाली. "उद्या देते."

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने वाफेचं मशीन बिघडल्याची थाप मारली. नेमकं तेव्हाच मागे मशीनने भलामोठा फुत्कार सोडला. त्याने मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बिघडलं की असा आवाज करतं वाटतं?"

तिचे कान तापले. तो मात्र बाकावर ऐसपैस बसला आणि गप्पा मारू लागला. नऊ वर्षं गोदामात माल लावायचं काम केलं, गोदामाला टाळं लागलं, तेव्हापासून चार मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी एक तर तोंड उघडलं नाही, नाहीतर मिटलं नाही. ती खळखळून हसली. हसता हसता तिला कोट आठवला आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ती उगाच घडी केलेला शर्ट मोडून पुन्हा घडी करत बसली.

जाताना तो दारात थांबला. "उद्या नक्की ना? माझ्याकडे दुसरा नाहीये."

त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नाही. सकाळी तो आला, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं – दोरा, घाई, अस्तर, मशीन, सगळं – बाबांच्या देखत, मान खाली घालून. बाबांच्या हातातली इस्त्री थांबली. त्याने नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

तिने बाबांचा ठेवणीतला कोट काढला. बाह्या आखूड होत्या. तिने तिथेच त्या उसवल्या, दुमड सोडली, नव्याने टाके घातले. दोनदा सुई बोटात घुसली. त्याने कोट चढवला आणि गेला.

संध्याकाळी तो परत आला.

"माझा कोट सापडला," तो म्हणाला. "मुलाखतीच्या ऑफिसातच. दाराशी तो उंच माणूस बसलाय ना, तुमचाच. गेल्या आठवड्यात लागला तिथे. त्यानेच मला आत सोडलं. कोपरावरचं रफू मी केलेलं, लगेच ओळखलं."

"आणि तुम्ही?"

"कोटाला नोकरी लागली. मला नाही लागली."

तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं तिला.

"अहो, रडताय कशाला," तो घाईघाईने म्हणाला. "यात तुमचा काही दोष नाही. त्यांनी गोदामाचं विचारलं आणि मी अर्धा तास बोलत सुटलो. तो बिचारा तिथेच कोट उतरवायला लागला होता. मी म्हटलं, राहू दे, दुसरा घेईपर्यंत." मग रॅककडे बोट करून म्हणाला, "पण रंगांवर विसंबू नका. गोदामात आम्ही जुना माल एका भिंतीला, नवा दुसऱ्या भिंतीला ठेवायचो. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. आणि कोट न्यायला येणाऱ्यांना बोलायचं कसं, तेही कुणीतरी शिकवायला हवं. काय बोलू नये ते तर मी नक्की सांगू शकतो."

बाबा पाठमोरेच होते. "उद्या नऊला या," त्यांनी इस्त्री फिरवत सांगितलं. "उशीर चालणार नाही."

त्याने बाबांचा कोट उतरवून काउंटरवर ठेवला. तिने तो ओढून घेतला, सुईत पिवळा दोरा ओवला आणि कॉलरमागे टाका घातला.

"हा कुठला रंग? चारांत तर नाही."

"हा कोट बेवारशी व्हायचा नाही," ती म्हणाली. अजून तिला वर बघवत नव्हतं. "न्यायला माणूस रोज येणार आहे."

"आणि... एखाद्या दिवशी नाही आला तर?"

"तर मी शोधत येईन. पत्ता आहे पावतीवर."

तिने हळूच वर पाहिलं. या वेळी मान त्याची खाली होती, आणि कान लालभडक.