न चुकणारे हात

प्रा. यामिनी तारळेकरांनी सुहेलच्या डोक्यावरचा पट्टा स्वतःच्या हाताने काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता कर."

सुहेल मुजावर हा कृष्णाकाठ तंत्र विद्यापीठातल्या वेल्डिंगच्या वर्गाचा पहिला नंबर. महिन्याभरापूर्वी त्याने पाणबुडीच्या कवचाचा सांधा असा जोडला होता, की भिंगाखालीही खोट सापडली नव्हती. आज समोर दोन साध्या लोखंडी पट्ट्या होत्या. त्याने तोंडावर मुखवटा ओढला, ठिणगी पाडली, आणि त्याचा हात हवेतच थबकला.

"मॅडम, हात पुढंच जाईना की ओ."

"जाईल. चुकलं तर चुकू दे."

"पण चुकायचं म्हंजे नेमकं काय करायचं?"

हे ऐकून यामिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाचा राग आला नाही, स्वतःचा आला. वर्षापूर्वी हे पट्टे बनवणाऱ्या कंपनीशी विद्यापीठाचा करार झाला तेव्हा मंचावर बसून त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. 'उद्याचे कुशल कामगार घडवू' असा भला मोठा फलक मागे लावला होता. त्याच दिवशी त्यांच्या कार्यशाळेतली भिंत मोकळी करण्यात आली. प्रत्येक विद्यार्थ्याने बिघडवलेला पहिला तुकडा त्याच्या नावासकट त्या भिंतीवर टांगायची बाईंची रीत होती. कंपनीच्या पाहुण्यांना ते बरं दिसणार नाही म्हणून कुलगुरूंनी सगळे तुकडे भंगारात घातले, आणि बाई गप्प बसल्या.

पट्टा हातात घेऊन त्या तडक कंपनीच्या प्रयोगशाळेत गेल्या. ती विद्यापीठाच्याच जागेत होती, तरी तिथे शिरायला बाईंना परवानगी लागायची. डॉ. पुष्कर हेबळे हे तिथले मेंदूशास्त्रज्ञ होते. हुशार आणि सभ्य माणूस, त्यामुळे त्याच्यावर धड ओरडताही येत नसे.

"माझा पहिला नंबर दोन पट्ट्या जोडू शकत नाही. हे काय शिकवलंत तुम्ही?"

हेबळे शांतपणे म्हणाले, "बाई, माणूस चुकतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूला ते कळलेलं असतं. तिथे एक लहर उठते. आम्ही तिला प्रमादलहर म्हणतो. पट्टा ती पकडतो आणि हात वळवतो. चूक घडतच नाही."

"आणि चूक घडली नाही तर मेंदू शिकणार कशावरून? सांधा जळालेला दिसला, चटका बसला, तरच पुढच्या खेपेला हात सावध होतो."

"बरोबर आहे. मेंदू शिकत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, शिकतं ते पट्ट्याला जोडलेलं आमचं यंत्र. माणूस कुठे चुकणार होता आणि कसा सावरला, हेच त्याचं अन्न. मुरलेल्या कारागिराचा त्याला काडीचा उपयोग नाही. तुमच्या डोक्यात ती लहर उठतच नाही. नवशिक्याच्या उठते, आणि पट्टा असला की दुसऱ्या दिवशी तीच लहर तितकीच ताजी उठते."

"म्हणजे मुलं कच्चीच राहायला हवीत तुम्हाला."

हेबळेंनी बाईंच्या हातातला पट्टा घेऊन जपून मेजावर ठेवला.

"पास होण्याआधीच यांना नोकऱ्या दिल्यात तुम्ही. यंत्र शिकून झालं की काय कराल?"

"नोकरीचा करार तीन वर्षांचा आहे," ते म्हणाले. "पुढे नवी तुकडी येईल."

म्हणजे पंचविशीत ही पोरं रिकाम्या हातांनी घरी जाणार होती. सुहेलच्या बापाने गावच्या चौकात लेकाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता, तो बाईंच्या डोळ्यांपुढे आला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ही कंपनी कामगार घडवायला म्हणून आली होती, आणि ज्या विद्यापीठाने राखण करायची, त्या कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कार्यशाळेला आतून कडी घातली आणि सगळे पट्टे कपाटात कोंडले. "आजपासून बिघडवायचं," त्या गरजल्या. "ज्याचा तुकडा बिघडणार नाही, त्याला मी नापास करीन!"

पोरं आधी रडकुंडीला आली. मग लोखंडाला भोकं पडली, हातमोजे जळाले, शिव्या ऐकू आल्या. जळक्या सांध्यांनी भिंत पुन्हा भरली. कुलगुरू पोतनीसांनी नोटिसा धाडल्या, बाईंनी त्यांना केराची टोपली दाखवली. पावसाळा सरता सरता सुहेलने स्वतःच्या अकलेने एक सांधा जोडला. वेडावाकडा होता, पण घणाखाली तुटला नाही. बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दिवाळीपर्यंत पोरांचे हात चांगले बसले. मग कंपनीने चाचणीसाठी त्यांना पुन्हा पट्टे बांधले. लहर जवळपास कुणाच्याच डोक्यात उठेना. यंत्राला अन्न मिळेना, तेव्हा कंपनीने करार मोडला. बाई जिंकल्या असं सगळे म्हणाले, आणि महिनाभर त्यांनाही तसंच वाटलं.

महिना सरला तेव्हा पोतनीस त्यांना व्हरांड्यात भेटले. त्यांची कळी खुललेली होती.

"बाई, तुम्ही कंपनीवर उपकारच केलेत! आमची पोरं म्हणे फार लवकर शिकतात, परवडत नाहीत. आता त्यांनी थेट बालवाड्यांशी करार केलाय, अख्ख्या जिल्ह्यातल्या. लहान मूल तर दिवसभर चुकतच असतं. सल्लागार म्हणून मला घेतलंय."

फाटकाबाहेरच एक बालवाडी होती, तिकडे बाई जवळजवळ धावतच गेल्या.

आत मुलं गोल करून बसली होती. प्रत्येकाच्या कपाळावर रंगीत, फुलाफुलांचा पट्टा होता. मध्ये ठोकळ्यांचा मनोरा मुलांच्या डोक्यांच्या वर गेला होता, सरळ, ओळंब्यात.

"बघा ना मॅडम!" बालवाडीच्या ताई कौतुकाने म्हणाल्या. "आठवडा झाला, एकदाही पडला नाही. रडारड नाही, भांडणं नाही. पालक तर इतके खूश आहेत!"

"ताई, काढा ते पट्टे."

"असं कसं काढू? पालकांनी सह्या केल्यात."

यामिनीबाई पुढे झाल्या आणि हाताच्या एका फटक्यात त्यांनी तो मनोरा आडवा केला. ठोकळे धडाधड फरशीवर पसरले, दारापर्यंत घरंगळत गेले. पडलेल्या मनोऱ्याचं काय करायचं, हे मुलांना उमगेना.

एकही मूल हसलं नाही.